इंगवले साहेबांची चिप

इंगवले साहेबांना चिप बनवता येत नव्हती, हे कंपनीत लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कळायचं. खुद्द साहेबांना ते कधी कळलं असेल, असं मला अजून वाटत नाही.

मी त्यांच्याकडे साडेसहा वर्षं होते, टेस्टिंग विभागात. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत, एक तेलाची गिरणी आणि एक फाउंड्री यांच्या मधे, निळ्या काचांची दुमजली इमारत होती. वर स्टीलच्या अक्षरांत पाटी: ‘अणुरेणू सेमीकंडक्टर्स अँड सॉफ्टवेअर’. फाउंड्रीची काजळी उडून त्या काचांवर बसायची आणि ती पुसायला एक माणूस रोज सकाळी शिडी लावून उभा असायचा. आमच्याकडे इतकं नियमित चालणारं दुसरं काम नव्हतं.

कंपनीचा इतिहास स्वागतकक्षाच्या भिंतीवर इंग्रजीत लिहिला होता. त्यात बंगळूर होतं, संशोधन होतं, मायभूमीची हाक होती. खरा इतिहास असा, की साहेब बंगळूरला सहा वर्षं एका वितरकाकडे विक्रीला होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या चिपची रिळं कारखान्या-कारखान्यांत पोचवायचे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या सहा वर्षांना ते ‘माझी डिझाइनची वर्षं’ म्हणायचे. मिरजेला परत आल्यावर त्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये विहिरीच्या मोटरींचे स्टार्टर बनवायला घेतले. तेव्हा पाटीवर ‘इंगवले कंट्रोल पॅनेल’ होतं. ते पॅनेल मी पाहिलंय. साहेबांनी स्वतःच्या हातानं केलेलं वायरिंग, प्रत्येक तार काटकोनात वळवलेली, प्रत्येकीला नंबर. पंधरा वर्षांनीही चालू होतं. त्या माणसाकडे नोकरी करायला मला आवडलं असतं.

पण पुढे सगळ्या देशात चिप-चिप सुरू झालं. रोज पेपरात बातमी, रोज कुठंतरी भूमिपूजन. मी लागण्याआधीच्या एका सोमवारी लोक कामावर आले, तर जुनी पाटी उतरवून ठेवलेली आणि साहेब ब्लेझर घालून दारात उभे. सांगलीचा मे महिना, बेचाळीस डिग्री. त्या दिवसापासून ब्लेझर त्यांच्या अंगावरून उतरला नाही. मानेवरून घाम कॉलरमध्ये जायचा, पण चेहऱ्यावर हसू असायचं, आपण थंड देशात आहोत असं.

त्यांच्या खिशात एक मखमली डबी असायची. तिच्यात सिलिकॉनची चकती. चिप ज्यातून कापतात, ती. कुठल्यातरी परदेशी कारखान्यानं बाद केलेली, आठवण म्हणून विकली जाणारी वस्तू. पण ते ती असं काही उघडायचे, की समोरच्यानं चपला काढाव्यात. “धरा, धरा हातात. लाखो मेंदू आहेत हे.” मग तिच्यावर तोंडानं वाफ सोडून रेशमी रुमालानं पुसायचे. ज्या धंद्यात धुळीचा एक कण चालत नाही, त्याचा हा आमचा मालक.

“आपण फॅबलेस आहोत,” हे त्यांचं आवडतं वाक्य. अशा कंपन्या खरोखर असतात. चिप स्वतः आखायची आणि दुसऱ्याच्या कारखान्यातून बनवून घ्यायची. डोकं लागतं त्याला, वर्षानुवर्षं जातात. आम्ही आखतही नव्हतो आणि बनवतही नव्हतो. आम्ही विकत घ्यायचो. भंगारात गेलेल्या बोर्डांवरून उपटलेल्या, पायांना नव्यानं कल्हई केलेल्या जुन्या चिप पोत्यासारख्या पाकिटांतून यायच्या. त्यांच्यावरचं मूळ नाव घासून काढायचं आणि लेझरनं आपलं छापायचं: ‘अणुरेणू एआर-वन’. त्या मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीत बसायच्या, आणि त्या पेटीचं ॲप शेतकऱ्याच्या मोबाइलवर.

नाव घासायच्या कामाला साहेबांनी बशीरचाचांना आणलं होतं. चाचा मूळचे तंबोरे करणारे. मिरजेत त्यांचं घराणंच त्या कामातलं. तारेखालची घोडी घासून जवारी लावताना कानसेचा एक हात जास्त पडला तर वाद्याचा सूर जातो, असा हिशेबानं चालणारा हात. वाद्यांना गिऱ्हाईक कमी झालं, म्हणून ते आमच्याकडे आले. साहेब पाहुण्यांना सांगायचे, “आमच्याकडं परंपरा आणि तंत्रज्ञान एकाच टेबलावर बसतात.” चाचांना मात्र त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की हे पॉलिश आहे.

एक दिवस चाचांनी भिंगाखालची चिप माझ्यापुढे धरली. “बाई, ह्ये कुनाचं नाव हाय?”

मी सांगितलं. बाहेरच्या देशातली एक कंपनी.

“म्हंजी बनवनाऱ्याचं?”

“हो.”

चाचांनी हातातला घासकागद नीट घडी करून टेबलावर ठेवला. “आमच्या घरात वाद्यावर आपलं नाव घालत्यात, बाई. दुसऱ्याचं खोडत न्हाईत.” त्यांनी चष्म्याची पेटी उचलली, डबा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “कारागीर लोकांना स्केल कळत नाही, मॅडम.” मग ते काम एका मशिनवर सुरू झालं. ते चाचांपेक्षा वाईट घासायचं. उन्हात तिरकी धरली की चिपवर जुनं नाव पुसटसं दिसायचं.

पाहुणे पुष्कळ यायचे. कॉलेजांचे प्राचार्य, बँकांचे अधिकारी, साखर कारखान्यांचे संचालक. त्यांना ‘क्लीन रूम’ दाखवली जायची. प्लॅस्टिकचे पडदे, एक एसी, आणि खुंटीला दहा पांढरे पोशाख. एकदा कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. त्यांनी पोशाख चढवला, आत चौफेर बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, “इथं नेमकं काय बनतं?”

साहेब एक क्षणही थांबले नाहीत. “भविष्य.”

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गृहस्थांनी पोशाख काढून परत खुंटीला लावला आणि चहा न घेता निघून गेले. साहेब नंतर दोन दिवस म्हणत होते, “फार प्रभावित झाले ते.”

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही नेतही होतो. जेवणाच्या सुट्टीत साहेबांची नक्कल करणारे तीन-चार जण होते. त्यात मी बरी करायचे. पण एआर-वन मी टेस्टिंगच्या भट्टीत घालून तपासली आणि माझं हसणं थांबलं. शेतातल्या पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्यात जेवढं तापतं तेवढं तापवलं, की चिप अडकायची. अडकली की मोटर बंद करायचा हुकूम तिच्यापर्यंत पोचायचाच नाही, मोटर चालूच. त्याहून वाईट ॲप होतं. आपण ‘बंद’चं बटण दाबलं, की ते लगेच लाल अक्षरांत ‘मोटर बंद आहे’ असं दाखवायचं. खरंच बंद झाली का, हे ते मोटरला विचारतच नव्हतं.

मी अहवाल लिहिला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, पेन काढलं.

“मॅडम, ‘अडकते’ हा शब्द काढा. ‘क्वचित विलंब संभवतो’ असं घाला. आणि ॲपचा परिच्छेद कशाला? ते सॉफ्टवेअर आहे, तुमचा विषय नाही.”

“साहेब, पेटी उन्हात असते.”

“सावलीत लावायला सांगू.”

“आमच्या माणमध्ये सावली कुठली आणायची?” मी माण तालुक्यातली, दहिवडीकडची आहे, ते त्यांना माहीत होतं.

ते मोठ्यानं हसले. “म्हणून तर तुमच्याकडं प्रगती नाही.”

मी सुधारलेला अहवाल टाइप केला आणि खाली सही केली. कुणी माझा हात धरला नव्हता. नोकरी बरी होती, आणि मला वाटलं, पुढच्या बॅचला बघू. साहेबांबद्दल जे काही लिहितेय, ते ह्या सहीसकट वाचावं.

तानाजी पवार आमच्याकडे पेट्या बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामाला होता. कवठे महांकाळचा. सतरा वर्षं फौजेत, सिग्नलमध्ये काढलेली. त्याला सगळे ‘फौजी’ म्हणायचे. शर्टाच्या खिशात टेस्टर, बुटांना पॉलिश, आणि कुठलीही तार हातात घेण्याआधी पेटीतले तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या पँटच्या खिशात टाकायचे, ही त्याची सवय. गिऱ्हाईक म्हणायचं, “फौजी, आवं बंद हाय की मोटर.” तो म्हणायचा, “आसू दे. फ्यूज खिशात आसला की मला झोप लागती.”

साहेबांना ही सवय खुपायची. एका मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्या फिटरना सांगितलं, “गिऱ्हाइकासमोर पेटी उघडायची नाही. ॲपवरून बंद करायचं. आपलाच माणूस फ्यूज उपटत बसला, तर लोकांचा आपल्या चिपवर विश्वास कसा बसणार?”

तानाजी उभा राहिला. “सायेब, आमी फौजेत फ्यूज काढल्याबिगर तारंला हात लावत नव्हतो.”

“फौजी, तुमची फौज जुनी झाली.”

सगळे हसले. तानाजी बसला. त्याच्या मानेवरची शीर तेवढी ताठ दिसत होती. मी तिथं होते. मी हसले नाही; पण बोललेही नाही.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी दहिवडीच्या पुढच्या एका गावातून तक्रार आली. कोंडाबाई म्हणून साठीच्या बाई. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता बोअरवर डाळिंब केलं होतं. बोअरला पाणी येईना, म्हणून त्यांनी फोन केला होता. साहेबांनी ठरवलं, ह्या तक्रारीचीच जाहिरात करायची: तक्रार आली आणि टीम त्याच दिवशी बांधावर हजर! कॅमेरावाला घेतला, तानाजीला घेतलं, आणि टेस्टिंगविषयी दोन वाक्यं बोलायला मला घेतलं. साहेब त्यांच्या गाडीतून आले. ब्लेझर होताच.

दुपारचे दोन वाजले होते. पेटी एका लाकडी खांबावर, उघड्या उन्हात. कोंडाबाई म्हणाल्या, “आवं सायेब, त्या पेटीला हात लावून बघा. पापड भाजंल.”

साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसले.

पाणी येत नाही म्हणजे बोअरच्या तोंडापाशी असलेला केबलचा जोड बघायला हवा होता. तानाजी सवयीनं पेटीकडे निघाला. साहेब म्हणाले, “थांबा फौजी. पेटी नको. ॲपवरनं बंद करा. इकडं कॅमेऱ्याकडं बघून.”

तानाजीनं माझ्याकडे बघितलं. टेस्टिंगची बाई मी होते.

मी म्हणाले, “साहेब, पेटी तापलीय, एकदा फ्यूज...”

“मॅडम, आवाज रेकॉर्ड होतोय.”

मी दोन पावलं मागं, कॅमेऱ्याच्या बाहेर सरकले.

तानाजीनं मोबाइल काढला, बटण दाबलं. स्क्रीन त्यानं कॅमेऱ्याला दाखवला. लाल अक्षरं: ‘मोटर बंद आहे.’ बोअरमधली मोटर खोल असते, तिचा आवाज वर येत नाही. पाणी तर येतच नव्हतं, म्हणूनच तो आला होता. चालू आहे का बंद, हे कळायला त्या अक्षरांशिवाय दुसरं काही नव्हतं. तो उकिडवा बसला आणि त्यानं जोडावरची टेप सोडवली.

मग त्याच्या तोंडून एक आवाज आला. तो शब्द नव्हता. त्याचा उजवा हात तारेला चिकटला आणि सगळं अंग ताठ झालं. मी पुढे धावले, तर कोंडाबाई ओरडल्या, “शिवू नगासा! बाजूला व्हा रं समदी!” त्यांच्या हातात मेंढरांमागं धरायची लांब काठी होती. वाळलेली, वर आकडी असलेली. त्यांनी ती आकडी पेटीच्या बाजूच्या मेन स्विचच्या दांडीत अडकवली आणि अंगाचा भार टाकून खाली ओढली. खाडकन आवाज झाला. तानाजी मागं कलंडला.

सगळं मिळून सात-आठ सेकंदांचं असेल. त्यानंतर पहिलं बोलले ते इंगवले साहेब.

“कॅमेरा बंद करा. आधी कॅमेरा बंद करा.”

आम्ही तानाजीला कंपनीच्या जीपमध्ये घातलं. दहिवडीला प्राथमिक उपचार झाले आणि तिथून मिरजेला. साहेबांना साताऱ्यात मीटिंग होती. त्यांची गाडी तिकडे वळली.

मिरजेच्या डॉक्टरांनी आठ दिवस प्रयत्न केले. नवव्या दिवशी तानाजीचा उजवा हात कोपराच्या खालून काढावा लागला.

साहेब त्यानंतर भेटायला आले. शाल, नारळ आणि फळांची टोपली घेऊन. तानाजीची बायको सुनंदा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. टोपली घेऊन तिनं खाली जमिनीवर ठेवली. मी खिडकीपाशी होते. साहेबांनी तानाजीच्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या. आणि ते सुनंदाला म्हणाले, “फौजींनी जरा घाई केली हो. मेन पाडायला हवा होता.”

तानाजीचा आवाज बसला होता. पण शब्द स्पष्ट होते. “सायेब, तुमीच म्हनालासा न्हवं? पेटी नको म्हनून?”

“मी?” साहेबांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. तो चेहरा मला नक्कल करायला कधीच जमला नसता, कारण त्यात नाटक नव्हतं. “मी कसं म्हणेन असं? सुरक्षितता हे तर आपलं पहिलं तत्त्व. मॅडम, तुम्ही होता ना तिथं? मी म्हणालो असं?”

सुनंदा माझ्याकडे वळली. तानाजी वळला नाही. तो छताकडे बघत होता, मला अडचण नको म्हणून.

“हो,” मी म्हणाले. “म्हणालात. आणि चिप अडकते हे तुम्हाला माहीत होतं. मलाही होतं.”

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम दमल्यात. घरी जाऊन आराम करा.” त्यांनी नारळ पलंगाच्या कडेला ठेवला आणि निघाले. दारात वॉर्डबॉयला त्यांनी व्हिजिटिंग कार्ड दिलं.

मी घरी गेले नाही. कंपनीत गेले, भट्टीच्या मूळ नोंदींची माझी वही आणि सुधारलेल्या अहवालाची प्रत घेतली, आणि दोन्ही दुसऱ्या दिवशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात नेऊन दिली. अहवालावरची सही कुणाची, तेही सांगितलं. निरीक्षक तरुण होते. त्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचले आणि मला विचारलं, “ही सही करताना काय वाटलं होतं?” ते चौकशीचा प्रश्न म्हणून विचारत नव्हते.

चौकशी झाली. पेट्या परत मागवाव्या लागल्या. गावोगावच्या लोकांनी त्या बैलगाडीतून, मोटारसायकलवरून आणून आमच्या निळ्या काचांपुढे टाकल्या. ढीग गेटच्या वर गेला. कोंडाबाईंची पेटीही आली होती. वर्षभरात कंपनी बंद झाली. कोर्टातलं प्रकरण तडजोडीत मिटलं. तानाजीनं मिटवलं, कारण तारखेला मिरजेला यायचं म्हणजे सुनंदाला दुकान बंद ठेवावं लागायचं. हो, दुकान. कवठे महांकाळला त्यांनी मोटरी रिवाइंड करायचं दुकान टाकलंय. तांब्याची तार सुनंदा भरते, तो शेजारी बसून सांगतो आणि डाव्या हातानं टेस्टर धरतो. मी जाते कधीकधी. पहिल्यांदा गेले तेव्हा मला माफी मागायची होती. तानाजी म्हणाला, “बसा बाई. चहा घ्या. त्ये बोलायचं न्हाई.” म्हणून आम्ही ते बोलत नाही. आमची इमारत आता बेदाण्याचं शीतगृह आहे. निदान आत जे आहे, तेच पाटीवर लिहिलंय.

मी साताऱ्यात एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागले. पहिल्या तासाला मुलांना फ्यूज काढायला शिकवते. मुलं कंटाळतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सभागृहात एक दिवसाची कार्यशाळा होती. सेमीकंडक्टर, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ग्रामीण युवक, असा काहीतरी विषय. फलकावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो बघितला आणि माझे पाय तिथंच थांबले. इंगवले साहेब. नावाखाली लिहिलं होतं: ‘ज्येष्ठ चिप-तज्ज्ञ’.

मी परत फिरणार होते, पण त्यांनीच मला पाहिलं. दोन्ही हात पसरून आले. केस सगळे पांढरे झाले होते, तब्येत उत्तम. माझ्याविषयी त्यांच्या मनात काही राग असेल म्हणून मी तयारीत होते. नव्हता. काहीच नव्हतं. प्राचार्यांकडे वळून ते म्हणाले, “ह्या माझ्या टेस्टिंगच्या प्रमुख. आमच्याकडं गुणवत्तेत तडजोड नसायची. ह्यांना विचारा.”

“होती,” मी म्हणाले. “सही माझीच होती.”

साहेब खळखळून हसले. “ह्यांचा विनोद असाच आहे, कोरडा.” प्राचार्यही हसले. मग साहेब थोडे जवळ आले, आवाज खाली आणला आणि आपुलकीनं विचारलं, “तो आपला मिलिटरीवाला... काय त्याचं नाव... त्याचा हात बरा झाला का?”

“साहेब, हात काढला त्याचा. तुम्ही आला होता भेटायला.”

“हो हो हो.” त्यांनी मान हलवली. “पण आता बरा आहे ना?”

तेवढ्यात व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. साहेबांनी कपडे सारखे केले, माझा खांदा थोपटला आणि पायऱ्या चढून वर गेले. समोर दोनशे मुलं टाळ्या वाजवत होती.